एकविसाव्या वर्षी केशरोपण : वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न : आदरणीय डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार. मी एकवीस वर्षांचा असून पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मूळ गाव बार्शी. कर्वेनगरमध्ये तिघा मित्रांसोबत कॉट बेसिसवर राहतो. गेल्या दोन वर्षांत माझ्या कपाळाचे दोन्ही कोपरे आत गेले आहेत आणि अलीकडे भोवऱ्यापाशीही डोके दिसू लागले आहे. वडिलांना पस्तिशीतच टक्कल पडले. मामांचे केस मात्र अजून दाट आहेत, त्यामुळे आपण मामांवर जाऊ अशी मला आशा होती. कॉलेजात मित्र मला ‘काका’ म्हणतात. एका केशरोपण केंद्रात दाखवले, तेव्हा तिथल्या समुपदेशक ताईंनी डोके पाहून 3,500 ग्राफ्ट (मुळांसकट काढून लावायचे केसांचे छोटे पुंजके) सांगितले. डॉक्टर भेटले नाहीत. काम एका दिवसात होईल, दसऱ्यापर्यंत पैसे भरल्यास सवलत मिळेल आणि बाकीची रक्कम हप्त्यांनी देता येईल असे त्या म्हणाल्या. घरी अजून काही बोललेलो नाही. जानेवारीत कंपन्यांच्या मुलाखती आहेत, त्याआधी हे उरकावे असे वाटते. माझ्या वयात यात धोका आहे का, की वय कमी असल्यामुळे केस उलट लवकर धरतील? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते. या वर्षी केशरोपण करून घेऊ नका, आणि दसऱ्याच्या सवलतीसाठी पैसेही भरू नका. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. एकविसाव्या वर्षी बरोबरीच्या मुलांनी ‘काका’ म्हणून हाक मारावी याचा सल किती खोल जातो हे मला दवाखान्यात रोज दिसते. हेल्मेट काढताच, समोर आरसा नसतानाही, तीन बोटांनी पुढचे केस कपाळावर ओढून घेणारी मुले मी पाहते. फोटो काढताना मागच्या रांगेत सरकणारी मुलेही पाहते. त्यामुळे ‘केसांचे काय एवढे’ असे मी तुम्हाला म्हणणार नाही. ही गोष्ट तुमच्या दृष्टीने मोठी आहे, म्हणूनच ती घाईने होऊ नये असे मला मनापासून वाटते.

वय कमी असले म्हणजे केस लवकर धरतील का, असे तुम्ही विचारले आहे. बहुधा चांगले धरतील. अडचण तिथे नाही. लावलेले केस जागेवर राहतील, पण त्यांच्या मागचे तुमचे मूळचे केस जात राहतील, आणि ते कुठपर्यंत जातील हे आज तुम्हाला, मला किंवा त्या केंद्रातल्या कोणालाही सांगता येणार नाही.

हे समजण्यासाठी टक्कल कसे पडते ते थोडे पाहावे लागेल. पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. कपाळावरची, टाळूवरची आणि भोवऱ्याभोवतीची केसांची मुळे या संप्रेरकाला किती दबतात हे आनुवंशिकतेने ठरते, आणि ती आनुवंशिकता आई व वडील या दोन्ही घराण्यांतून येते. त्यामुळे मामांच्या दाट केसांवरून निर्धास्त होता येत नाही आणि वडिलांच्या टकलावरून सगळे संपले असेही म्हणता येत नाही. या प्रकारात केस एके दिवशी गळून जात नाही. गळून पुन्हा उगवण्याच्या दर फेरीला त्याच मुळातून आधीपेक्षा बारीक आणि आखूड केस उगवतो, आणि शेवटी नुसती लव उरते. डोळ्यांना विरळपणा जाणवतो तेव्हा त्या जागेवरचे साधारण निम्मे केस आधीच गेलेले असतात. डोक्याच्या मागच्या बाजूची आणि कानांच्या वरची मुळे मात्र बहुतेकांत या संप्रेरकाला दबत नाहीत, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही मागे केसांची झालर राहते. तिथले केस मूळचा स्वभाव घेऊनच नव्या जागी जातात, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 मध्ये मांडले आणि आजचे सारे केशरोपण त्याच आधारावर उभे आहे.

म्हणजे केशरोपणात एकही नवा केस निर्माण होत नाही. मागचे केस उचलून पुढे आणायचे, एवढेच त्याचे स्वरूप आहे, आणि जिथून ग्राफ्ट उचलला तिथे तो पुन्हा उगवत नाही. आता तुमचा तळहात, बोटे सोडून, डोक्यावर ठेवून पाहा. मोठ्या माणसाच्या तळहाताचे क्षेत्रफळ साधारण 80 ते 90 चौरस सेंटीमीटर असते. हॅमिल्टन आणि नॉरवूड यांच्या सात टप्प्यांच्या मोजपट्टीत तुम्ही वर्णन केलेली अवस्था तिसऱ्या टप्प्याच्या आसपास बसते. तीच सहाव्या टप्प्यापर्यंत गेली, तर उघडी पडणारी जागा निदान दोन तळहातांएवढी होते. डोळ्यांना बरे दिसेल इतपत भरायचे, तर चौरस सेंटीमीटरला तीस ते चाळीस ग्राफ्ट लागतात. हा हिशेब पाच हजारांच्या पुढे, कधी सात हजारांच्याही घरात जातो. आणि मागच्या भागातून, तो भाग विरळ न दिसू देता, आयुष्यभरात मिळून काढता येणारे ग्राफ्ट बहुतेक माणसांत पाच-सहा हजारांच्या आसपास असतात. काहींत याहून बरेच कमी. एवढ्या शिल्लकीतून तुम्हाला एकविसाव्या वर्षी, केवळ दोन कोपरे आणि भोवरा यांसाठी, 3,500 काढायला सांगितले आहेत. घर बांधायला घेण्याआधीच अर्ध्याहून अधिक मुदत ठेव मोडावी, आणि घर किती खोल्यांचे लागणार ते ठाऊक नसावे, तसा हा प्रकार आहे.

कपाळाच्या रेषेचेही तसेच आहे. तुमच्या वयाच्या मुलाला रेषा हवी असते ती सतराव्या वर्षीची, खाली आणि सरळ. पैसे मोजणाऱ्याला हवे ते देणारी केंद्रे ती तशीच आखून देतात. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मागे सारे विरळ झालेले असताना, कपाळावर तेवढीच एक दाट सरळ पट्टी उभी राहिली, तर ती टकलापेक्षा अधिक डोळ्यांत भरते, आणि तेव्हा तिच्यामागची जागा भरायला शिल्लक उरलेली नसते. बहुतेक सावध शल्यचिकित्सक पंचविशीच्या आत केशरोपण टाळतात ते याच कारणाने. पंचविसावे वर्ष ही काही जादूची रेघ नव्हे. तोवर गळतीचा वेग आणि तिची दिशा यांचा थोडा अंदाज आलेला असतो, इतकाच तिचा अर्थ.

आणखी एक धोका तरुणांत ओळखायला कठीण जातो. काही जणांत मागचे, ज्यांना आपण टिकाऊ धरतो ते केसही सर्वत्र हळूहळू बारीक होत असतात. अशा माणसाचे मागचे केस पुढे लावले, तर काही वर्षांनी ते तिथेही विरळ होतात आणि मागे मात्र टोचलेल्या जागांचे व्रण उघडे पडतात. ही अवस्था वरवर पाहून कळत नाही. मी तपासताना मागचे केस शेपटीच्या कंगव्याने बाजूला करून त्वचेवर डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे भिंगाचे उपकरण, टेकवते आणि पडद्यावरचे चित्र रुग्णालाही दाखवते. निरोगी जागी एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन सारख्या जाडीचे केस निघालेले दिसतात. बिघडलेल्या जागी एका जाड केसाशेजारी एक बारीक, एक त्याहून बारीक आणि मध्येच मोकळे छिद्र, असे दिसते. समुपदेशक ताईंनी हे पाहिलेले नाही. हे न पाहता 3,500 हा आकडा कुठून आला, हे तुम्ही त्यांना जरूर विचारा.

मुळात हे आनुवंशिक टक्कलच आहे ना, तेही कोणीतरी ठरवायला हवे. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात, आणि दिवाळीच्या सुमारास मूठ-मूठ केस हातात घेऊन मुले माझ्याकडे येतात. डेंग्यू, विषमज्वर, मोठे आजारपण किंवा झपाट्याने उतरवलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती सहसा काही महिन्यांत आपोआप भरून येते. तिच्यावर केशरोपण करणे ही सरळ चूक आहे. थायरॉईड, लोह आणि बी-12 यांच्या तपासण्या साध्या आहेत, त्या करून घ्याव्यात. मेसच्या जेवणावर राहणाऱ्या मुलांत बी-12 ची कमतरता मला वारंवार आढळते. व्यायामशाळेत कोणी ‘मसल’साठी इंजेक्शने किंवा गोळ्या देत असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका, कारण त्यांतील स्टेरॉईडमुळे ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांची गळती वेगाने वाढते. हेल्मेटचा मात्र यात दोष नाही, टँकरच्या पाण्याचाही नाही. जड पाण्याने केस राठ होतील, तुटतील. पण कपाळाचे कोपरे ते आत नेत नाही. या समजुतीपायी हेल्मेट घरी ठेवणारी मुले पाहिली की मला फार वाईट वाटते.

निदान आनुवंशिक टकलाचेच ठरले, तर पुढचे वर्ष औषधांना द्यावे. मिनॉक्सिडिल हे मूळ रक्तदाबाचे औषध. टाळूला लावण्याच्या रूपात ते अनेक दशके वापरात आहे. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, त्यामुळे घाबरून पुष्कळ जण ते तिथेच सोडतात; निकाल चार ते सहा महिन्यांच्या आत पाहायचाच नसतो, आणि औषध थांबवले की मिळालेला लाभ काही महिन्यांत जातो. दुसरे औषध फिनास्टेराईड. टकलासाठी त्याच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली. ते वर सांगितलेले संप्रेरक कमी करते आणि बऱ्याच पुरुषांत गळती थोपवते. त्याचे दुष्परिणाम मी झाकून ठेवणार नाही. मान्यतेआधीच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्या शंभरातील साधारण चौघांत आणि खोटी गोळी घेणाऱ्या शंभरातील साधारण दोघांत आढळल्या. बहुतेकांत त्या औषध थांबवल्यावर जातात, काहींनी त्या नंतरही राहिल्याचे सांगितले आहे. मन खचल्याच्या, आत्महत्येचे विचार आल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून घेऊ नये. आधी कधी नैराश्य आले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. केशरोपणाने या औषधांपासून सुटका होते असे मात्र समजू नका. लावलेल्या केसांमागचे मूळचे केस टिकवायला ती नंतरही लागतातच.

शस्त्रक्रियेचे म्हणून जे धोके आहेत, ते कोणत्याही वयात सारखेच आहेत : जंतुसंसर्ग, पुळ्या, काही महिने राहणारा बधिरपणा, मागच्या भागातून हावरटपणे ग्राफ्ट काढल्याने पडलेले ठिगळ. सर्वांत गंभीर धोका भुलीच्या औषधाचा असतो, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. अ‍ॅड्रिनलिन मिसळलेल्या लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची एका वेळची कमाल मात्रा सर्वसाधारणपणे वजनाच्या किलोमागे सात मिलिग्रॅम धरतात. तुमचे वजन पंचावन्न किलो असेल, तर ही मर्यादा 385 मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या औषधाचे एकोणीस मिलिलिटर होते. हजारो ग्राफ्ट एकाच दिवसात उरकायचे म्हटले की सुया वाढतात, औषध वाढते, आणि मोजणारा जाणकार नसेल तर झटके येण्यापर्यंत आणि हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. 2019 मध्ये मुंबईत अशाच एका लांबलेल्या बैठकीनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. अशा घटना विरळ आहेत हे खरे; पण त्या घडतात तेव्हा खोलीत प्राणवायू, तातडीची औषधे आणि ती देता येणारा माणूस आहे की नाही, एवढ्यावर सारे ठरते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. केशरोपण ही शस्त्रक्रिया असून ती रीतसर प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ती शिकल्याचे मानता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी डॉक्टरचे नाव पाटीवर आणि हत्यार तंत्रज्ञाच्या हाती असते. पुढे कधी निर्णय घ्यायची वेळ आली, तर भूल कोण देणार, छिद्रे कोण पाडणार, ग्राफ्ट कोण काढणार, हे नावानिशी विचारा; त्या नावाची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद आहे का आणि त्यांची पदवी त्वचारोगाची किंवा प्लास्टिक सर्जरीची आहे का, तेही पाहा. ग्राफ्टच्या नगावर दर लावला जातो, त्यामुळे अधिक ग्राफ्ट सांगण्यात कोणाचा फायदा आहे, हेही ध्यानात असू द्या.

राहिला प्रश्न जानेवारीचा, आणि इथे तर हिशेब अगदी साधा आहे. दसऱ्याच्या सुमारास केशरोपण केले, तर पहिले दहा-बारा दिवस खपल्या असतील आणि हेल्मेट घालता येणार नाही, म्हणजे दुचाकीही चालवता येणार नाही. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात. ते तसेच व्हायचे असते, मुळे आत राहतात. त्यांच्याबरोबर शेजारचे काही मूळचे केसही धक्क्याने गळतात. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डोके वर काढतात आणि पुरते रूप यायला सुमारे वर्ष लागते. म्हणजे मुलाखतींच्या दिवसांत तुमचे डोके आज आहे त्याहून विरळ दिसण्याची शक्यताच अधिक. त्यापेक्षा एखाद्या चांगल्या कारागिराकडून केस बारीक कापून घ्या. कडेचे केस आखूड ठेवले की कोपऱ्यांवर नजर कमी जाते.

शेवटची विनंती घरच्यांविषयी. हप्ते डोक्यावर घेऊन हे गुपचूप करू नका, आणि त्याला पैशांखेरीज दुसरेही कारण आहे. दिवाळीला बार्शीला जाल तेव्हा वडिलांच्या लग्नाचा अल्बम काढा. विसाव्या, पंचविसाव्या, तिसाव्या वर्षी त्यांचे कपाळ कुठे होते ते पाहा. काकांचे, आजोबांचे, आईच्या वडिलांचेही फोटो पाहा आणि मोबाइलवर उतरवून घ्या. मग खिडकीच्या उजेडात, ओल्या केसांनी, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून स्वतःचे फोटो काढा, आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागी उभे राहून तसेच पुन्हा काढा. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना हे सारे फोटो सोबत न्या. माझ्या अनुभवात अर्धी तपासणी या फोटोंतूनच होते. वडिलांशी त्या निमित्ताने बोलणे होईल ते निराळेच. पस्तिशीत टक्कल पडले तेव्हा त्यांनाही काहीतरी वाटलेच असेल.

प्रश्न : मी एकतीस वर्षांचा असून पिंपरीला एका कारखान्यात नोकरी करतो. तेविसाव्या वर्षी केशरोपण केले होते. लावलेले केस अजून आहेत, पण त्यांच्यामागचे टाळूवरचे केस गेल्यामुळे कपाळावर केसांचे बेट राहिले आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस बारीक कापले की पांढरे ठिपके दिसतात. त्याच केंद्राने आता भोवऱ्यासाठी आणखी 2,500 ग्राफ्ट सुचवले आहेत. करावे का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : भोवऱ्यासाठी नको, निदान आत्ता तरी नको. भोवरा ही वाढत जाणारी जागा आहे. तिथे ओतलेले ग्राफ्ट गिळले जातात आणि भोवती पुन्हा उघडे कडे तयार होते. मागे दिसणारे, रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके हे ग्राफ्ट काढल्याचे व्रण आहेत. ते जवळजवळ दिसत असतील, तर मागच्या भागातून आधीच पुरेसे काढले गेले आहे, आणि आणखी 2,500 निघतील की नाही याचीच शंका आहे. आधी डर्मोस्कोपखाली मागच्या भागाची मोजणी करून घ्या आणि मूळचे जे केस उरले आहेत त्यांच्यासाठी औषधे सुरू करा.

त्यानंतरचे मार्ग असे. उरलेली शिल्लक बेताची असेल, तर ती बेटाच्या लगत मागे, विरळ होत जाईल अशी लावतात, म्हणजे पट्टीची कड मोडते. कपाळावरची रेषा फारच खाली आणि सरळ असेल, तर तिच्यातले काही ग्राफ्ट सुटे काढून मागच्या बाजूला वापरता येतात. काम किचकट आहे, पण अनुभवी हातांनी चांगले होते. दाढीचे केसही काहींना उपयोगी पडतात, मात्र ते जाड असल्याने पुढच्या रेषेत नव्हे, मधल्या भागात मिसळायचे असतात. ठिपके झाकण्यासाठी टाळूवर बारीक रंगबिंदू टोचण्याची पद्धत आहे. ती साधी आहे आणि तिच्यात एकही ग्राफ्ट खर्ची पडत नाही. मी तुमच्या जागी असते, तर तिच्यापासून सुरुवात केली असती.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला जाल तेव्हा आठ वर्षांपूर्वीचे कागद जरूर सोबत न्या. किती ग्राफ्ट काढले, कोणत्या भागातून काढले, किती मिलिमीटरच्या पंचने (ग्राफ्ट काढायच्या हत्याराने) काढले, याची नोंद त्या केंद्राकडे अजून असेल, तर ती मागून घेणे हा तुमचा हक्क आहे. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.